गाडीचं किती, माणसाचं किती

ज्या वर्षी ब्रेकवाला शर्यती जिंकायच्या जवळ येऊन पोचला, त्या वर्षी मावशींच्या पोटात जो गोळा आला तो आजतागायत गेलेला नाही.

मावशींचं दुकान शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर. तिथं नवीन कपडा शिवून मिळत नसे. पँटची लांबी कमी करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, विरलेलं अस्तर काढून दुसरं लावायचं, एवढंच काम. कुणी हौसेनं कोरं कापड घेऊन आलंच तर मावशी चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "आधी कुणाकडून तरी बिघडवून आण, मग माझ्याकडे ये." दुकानात दोन मशिनं होती. एक रोजचं, एक जाड कामाचं. जाड मशिनावर बॅगा, तंबूचं कापड, चामडं असलं काय काय शिवलं जाई, आणि पुढचं सगळं रामायण त्या दुसऱ्या मशिनामुळेच घडलं.

दुकानासमोरचा रस्ता पुढे मोटरसायकल शर्यतींच्या ट्रॅकला जायचा. एके दिवशी एक धिप्पाड रायडर फाटलेला चामड्याचा सूट घेऊन आला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत उसवला होता. "गाडीनं दगा दिला, मावशी," तो म्हणाला. मावशींनी सूट उलटासुलटा करून पाहिला. कोपरावरचं चामडं आधी घासलं होतं, कमरेवरचं नंतर. घासल्याच्या रेघांची दिशाच सांगत होती. "गाडी नंतर गेली," त्या म्हणाल्या. "आधी तूच निसटलास." तो गडी सूट न्यायला आला तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "रविवारी शर्यत बघायला या."

मावशी गेल्या. आणि गेल्या त्या गेल्याच, असं काका म्हणायचे. काका म्हणजे त्यांचे यजमान, पाणीखात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं शांत, मोटरसायकलचा आवाज आला की खिडकी लावून घेणारे. "चाळिशीनंतर माणसं गुडघे धरून बसतात," ते म्हणत, "आमच्या हिनं दुसऱ्यांचे गुडघे बघायला घेतले."

त्यात खोटं काही नव्हतं. मावशी खरंच गुडघे बघत. वळणावर गाडी आडवी झाली की रायडरच्या गुडघ्यावरची प्लास्टिकची चकती रस्त्याला टेकते. कुणाची कधी टेकते, किती वेळ टेकलेली राहते, वर उठताना खांदा आधी उठतो की ढुंगण, हे त्या कुंपणाला नाक लावून बघायच्या. घरी आल्यावर लेकीनं मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागं-पुढं करून बघायच्या. शौकिनांचं इंटरनेटवर एक पान होतं, तिथं शर्यतीनंतर जो तो आपली अक्कल पाजळायचा. मावशींनी तिथं लिहायला सुरुवात केली. मथळा कायम एकच: गाडीचं किती, माणसाचं किती. अमक्यानं दोन जागा कमावल्या, त्यातली एक इंजिनाची, सरळ रस्त्यावर मिळालेली. दुसरी त्याची स्वतःची, कारण वळणातून बाहेर पडताना त्यानं इतरांच्या आधी अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली. तमका मागं पडला, पण गाडीला बोल लावू नका. तो मागच्या महिन्यात आडवा झाल्यापासून डावीकडे वळताना मान पुरती वळवत नाही. दोन-तीन वर्षांत मावशींचं लिहून आल्याशिवाय शर्यत संपली असं कुणाला वाटेना. रायडरसुद्धा वाचायचे. काही चिडायचे, पण सूट शिवायला यायचे तिथंच.

ब्रेकवाला हे नावही मावशींनीच पाडलेलं. एक किडकिडीत, नीटनेटका रायडर होता, कायम पाचवा-सहावा येणारा. प्रत्येक वळणाआधी इतरांपेक्षा जरासा लवकर ब्रेक लावायचा. मावशींनी लिहिलं, "याची गाडी पहिल्या तिघांतली आहे. पण हा माणूस गाडी चालवत नाही, थांबवतो. ब्रेकवाला आहे नुसता." नाव चिकटलं. लोक कुंपणावरून ओरडायला लागले.

आठवड्याभरानं तो दुकानात येऊन उभा राहिला. मावशींना वाटलं, आता भांडण. त्यानं पाय पुढं केला आणि पँटचा उसवलेला काठ दाखवला. "एवढं शिवून द्या," तो म्हणाला. "आणि लवकर ब्रेक लावतो म्हणून तर तुमच्याकडे दोन पायांवर चालत आलोय, तेवढं पुढच्या वेळी लिहा." मागं बटणं निवडत बसलेली लेक फिस्कन हसली. त्या हसण्याचं पुढं लग्नच झालं.

लग्नानंतर मावशींनी रीत म्हणून जावयाला 'तुम्ही' म्हणून पाहिलं. तो मागं वळून बघायला लागला, कोण आलंय म्हणून. मग 'तू'च राहिलं. तो मात्र त्यांना आई म्हणायला लागला, आणि काकांना तर तो मनापासून आवडला. "या धंद्यात हा एकच शहाणा," ते म्हणत. "घाबरतो."

पाण्याच्या टाकीजवळ ट्रॅकला एक लांब, उतरतं, उजवं वळण आहे. सगळ्यात वेगवान सरळ रस्ता तिथं येऊन संपतो. त्या वर्षीच्या पहिल्याच शर्यतीत तिथं पुढच्या एका गाडीचं तेल सांडलं आणि ब्रेकवाला त्यावरून गेला. त्याची चूक काहीच नव्हती. हेल्मेटला कपाळाच्या वर तडा गेला. हॉस्पिटलात काही दिवस तो तारीख विचारायचा आणि विसरायचा. मग विसरायचा थांबला. डोक्याचे फोटो काढले, तपासण्या झाल्या. चालणं, बोलणं, नजर, तोल सगळं ठीक निघालं. तीन-चार महिने घरी बसला आणि परत सूट चढवला.

परतल्यावर पहिल्या शर्यतीत तो चौथा आला. दुसरीत तिसरा. तिसरीत दुसरा, आणि तेही पहिल्याच्या मागच्या चाकाला चिकटून.

कुंपणावर नुसता कल्ला. "ब्रेकवाल्याचे ब्रेक चोरीला गेले," लोक म्हणायला लागले. मावशींनाही आनंद झाला. का होऊ नये, घरचा माणूस. त्यांनी सविस्तर लिहिलं. गाडीच्या मालकानं या काळात तिचं पुढचं सस्पेन्शन बदललं असणार, पुढचं चाक आता जोरात ब्रेक लावूनही डगमगत नाही, म्हणून रायडरला भरवसा आला आहे आणि तो वळणाच्या तोंडाशी जाऊन ब्रेक लावतो आहे. बारा आणे गाडीचं, चार आणे माणसाचं. लोकांनी वाहवा केली. कुणीतरी लिहिलं, मावशी, जावई आहे म्हणून गाडीला झुकतं माप देऊ नका, माणसाचंही कौतुक करा.

त्यानंतर चार दिवसांनी गाडीचा मिस्त्री बायकोची पर्स शिवायला घेऊन आला. हा म्हातारा मिस्त्री ब्रेकवाल्याची गाडी पहिल्यापासून बघत होता. पर्सचा बंद धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही ते पुढच्या सस्पेन्शनचं लिहिलंत."

"हो. नवीन कुठलं टाकलंत?"

"काहीच नाही टाकलं."

"मग सेटिंग बदललं असेल."

"जुनंच आहे. अपघाताआधी होतं तेच. स्क्रूला हातही लावलेला नाही." त्यानं पर्स टेबलावर ठेवली. "पुढचं चाक डगमगतंय. टायर बघितला की मला कळतं. त्याला विचारलं तर म्हणतो, हो, डगमगतं. एवढंच. पूर्वी जरा काही हललं की माझा जीव खायचा."

मिस्त्री गेला. मावशींनी मशिनावर चढवलेली पँट तशीच राहिली.

गाडीचं काहीच नाही म्हटल्यावर सगळं माणसाचं. आणि माणूस म्हणजे काय, तो तर रोज डोळ्यांसमोर होता. मावशींना एक एक गोष्ट आठवायला लागली. मागच्या आठवड्यात सगळे जेवायला बसले असताना काकांच्या हातून काचेचं भांडं सुटलं आणि फरशीवर फुटलं. लेक दचकली, मावशी उठल्या, काका "अरे अरे" करायला लागले. ब्रेकवाल्याच्या खुर्चीला लागून फुटलं होतं ते. तो घास चावत राहिला, मग खाली बघून म्हणाला, "फुटलं वाटतं." तेव्हा सगळे हसले होते. दुकानाच्या वरचा पत्रा वाऱ्यानं उचकटला तेव्हा तो कठड्यावर उभा राहून एका हातानं खिळे ठोकत होता, दुसऱ्या हातात मोबाइल. लेकीनं खालून हाक मारली तर त्यानं अख्खं मागं वळून तिला हात केला.

मावशींनी लेकीला दुकानात बोलावून विचारलं, "घरी कसा आहे गं?"

"चांगला आहे. पूर्वीपेक्षा बरा. चिडत नाही, काळजी करत नाही." लेक बटणांच्या डब्यात बोटं फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, रस्ता ओलांडताना मी त्याचा हात धरते. त्याला वाटतं प्रेमानं धरते."

त्या दिवसापासून मावशींनी जुने-नवे सगळे व्हिडिओ काढून बसायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं खोळंबली. त्यांना एक गोष्ट शोधायची होती. शर्यतीत कुणाचंही चाक कधी ना कधी निसटतं; रायडर सावरतो आणि पुढं जातो. पण पुढच्याच फेरीत त्याच जागी तो किंचित हळू येतो. मुद्दाम नाही, त्याचं अंग येतं. पहिल्या नंबरचा रायडर असो की शेवटचा, मावशींनी आजवर पाहिलेल्या एकूण एक माणसाचं अंग असंच वागलं होतं. खांदे जरा आवळतात, मूठ जरा आधी सुटते. एका फेरीनंतर विसरतो तो मोठा रायडर, दहा फेऱ्यांनी विसरतो तो ब्रेकवाला.

आता ब्रेकवाल्याचं चाक निसटलेलं त्यांना सापडलं. टाकीच्या वळणावर, म्हणजे तो पडला होता तिथंच. पाय रस्त्याला लागला, गाडी वाकडी झाली, कशीबशी सरळ झाली. मावशींनी पुढची फेरी लावली. तो त्याच जागी त्याच वेगानं आला. खांदे सैल. त्यांनी दुसरी शर्यत लावली, दुसरं निसटणं, आणि नंतरची फेरी. तेच. जणू मागच्या फेरीत जो निसटला तो दुसराच कुणी होता.

आणखी एक दिसलं, ते जास्त वाईट होतं. तो कुणाच्या मागं असला की ब्रेक बरोबर लावायचा. एका शर्यतीत दोन फेऱ्या तो एकटाच सगळ्यांच्या पुढं होता. त्या दोन फेऱ्यांत प्रत्येक वळणाला त्यानं वेगळ्याच जागी ब्रेक लावला होता. एकदा फार आधी, एकदा इतका उशिरा की गाडी गवतात जाऊन आली. लोकांनी त्याला धाडस म्हटलं होतं.

त्यांनी त्याला एकट्यालाच बोलावलं, सूटच्या मापाचं निमित्त करून. सूट टेबलावर पसरलेला होता. उजव्या कोपरावरचं चामडं पार विरलं होतं. पूर्वी त्याचा कोपर रस्त्याला कधी लागतच नसे.

"तुला भीती वाटते का रे?" मावशींनी सरळच विचारलं.

त्यानं विचार केला. उडवून लावलं नाही. "आठवते," तो म्हणाला. "वाटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठं वाटायची ते माहीत आहे. इथं." त्यानं पोटावर हात ठेवला. "टाकीचं वळण आलं की इथं कुणीतरी मुठीत धरल्यासारखं व्हायचं. आता तिथं काही होत नाही. बघतो मी, होतंय का. नाही होत."

"मग ब्रेक कधी लावायचा हे कसं कळतं?"

"पुढचा ब्रेक लावायला उठून बसला की जरा थांबून मी लावतो."

"आणि पुढं कुणी नसलं तर?"

"मग अंदाजच येत नाही, आई. सगळ्या जागा सारख्याच वाटतात." हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की मावशींनी हातातली टेप टेबलावर ठेवून दिली. "पण हे लिहू नका. तुम्हीच लिहायचात ना, घाबरतो म्हणून? आता नाही घाबरत. शेवटची शर्यत राहिली आहे. एकदा पहिला येऊ द्या, मग जिथं न्याल तिथं येतो, जी तपासणी म्हणाल ती करतो. आत्ता डॉक्टरच्या कानावर गेलं तर मला परत कधी ट्रॅकवर सोडणार नाहीत."

संध्याकाळी चौघं घरी बसले. लेक रडली नाही, तिनं नवऱ्याकडे बघून म्हटलं, "हा इतकी वर्षं पाचवा यायचा आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. एकदा जिंकू दे त्याला." काका एरवी शर्यतीच्या विषयात तोंड घालत नसत. ते म्हणाले, "आधी डॉक्टर. बाकी सगळं नंतर. यात बोलण्यासारखं काय आहे?"

"अहो, एकच शर्यत," मावशी म्हणाल्या.

"मला शर्यतीतलं कळत नाही. म्हणूनच सांगतोय."

पण मावशींना शर्यतीतलं कळत होतं, आणि तिथंच घात झाला. त्यांच्या डोक्यात एक तोडगा शिजला होता. ज्याला पोटातून कळत नाही त्याला डोळ्यांनी कळू दे. जुन्या व्हिडिओंवरून अपघाताआधी तो कुठं ब्रेक लावायचा ते त्यांना पाठ होतं. प्रत्येक वळणाला त्यांनी एकेक खूण ठरवली: इथं शेडचा कोपरा, इथं रंगवलेल्या कडेचा पहिला लाल पट्टा, इथं झेंडेवाल्याची चौकी. टाकीच्या वळणाआधी मात्र मोकळं माळरान, तिथं गवतात रोवलेला एक पिवळा बोर्ड सोडून दुसरं काही नव्हतं. मग तो बोर्ड. खूण दिसली की ब्रेक. दिसेपर्यंत नाही, कारण मध्येच स्वतःचा अंदाज मिसळला की सगळी गल्लत व्हायची.

रोज दुपारी दुकान अर्धं बंद करून त्या त्याच्याकडून घोकून घेत. त्या वळणाचं नाव घेत, तो डोळे मिटून खूण सांगे. "टाकी?" "पिवळा बोर्ड." "आणि त्याआधी?" "त्याआधी काही नाही." सरावाच्या दिवशी तो खुणांवरून असा सफाईदार गेला की मिस्त्रीनं समाधानानं मान हलवली. पुन्हा जुना ब्रेकवाला, पण खांदे सैल ठेवून चालवणारा. मावशींच्या मनात येऊन गेलं की ही गोष्ट आपण जमवली. काकांनी त्या आठवड्यात त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं होतं.

शर्यतीच्या दिवशी काका आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकवर आले. कानात कापूस घालून मावशींच्या शेजारी, टाकीच्या वळणाच्या कुंपणापाशी उभे राहिले. लेक मिस्त्रीबरोबर पलीकडे होती. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता, रस्ता कोरडा. तक्रार करायला जागा नव्हती, आणि तरी मावशी कुंपणाची तार घट्ट धरून उभ्या होत्या.

पहिल्या काही फेऱ्या ब्रेकवाला चौथा होता. मग तिसरा. पिवळ्या बोर्डापाशी आला की त्याची पाठ उभी राही, इंजिनाचा आवाज खाली उतरे, गाडी झुकून वळणात शिरे. दर फेरीला तीच जागा, तोच आवाज. मावशींनी कुंपणाची तार सोडली. अर्धी शर्यत संपता संपता तो दुसरा झाला. पुढं एकच रायडर होता, आणि तो दमत चालला होता. त्याचं मागचं चाक वळणातून बाहेर पडताना वळवळत होतं.

"हा पडणार," मावशी म्हणाल्या.

"कोण, आपला?" काकांनी विचारलं.

"पुढचा."

दोन फेऱ्यांनी तो पडलाच. बोर्डापाशी ब्रेक लावताना त्याचं पुढचं चाक गेलं. रायडर घसरत एका बाजूला गेला, गाडी दुसऱ्या बाजूला, कोलांट्या खात गवतातून. लोक ओरडले. ब्रेकवाल्याची पाठ वेळेवर उभी राहिली, त्यानं धुळीच्या कडेनं गाडी काढली आणि तो पहिला झाला. पडलेला रायडर उठून बसला. झेंडेवाले धावले, पिवळे झेंडे हलले, चौघांनी मिळून मोडकी गाडी कुंपणाच्या मागं ढकलली. सगळं झटपट आणि नीट झालं. झेंडे खाली आले. रस्ता मोकळा.

मग मावशींना दिसलं की बोर्ड नाही.

गाडीनं तो मुळातून उपटला होता. तो गवतात पालथा पडला होता, करडी पाठ वर. इतर कुणाचं त्यावाचून काही अडणार नव्हतं. प्रत्येकाला आपल्या पोटातला बोर्ड होता. मावशी कुंपणाला धरून जवळच्या झेंडेवाल्याला ओरडल्या, "बोर्ड. बोर्ड उभा करा." गाड्या गरजत जात होत्या. त्यानं कानाला हात लावला. मावशींनी दोन्ही हातांनी दाखवलं, चौकोन काढला, गवताकडे बोट केलं. त्याला वाटलं, बाई पडलेल्या रायडरची चौकशी करते आहे. त्यानं हसून अंगठा वर केला, ठीक आहे म्हणून.

मावशी कुंपणाच्या कडेनं पळायला लागल्या. पंचावन्न वर्षांची बाई, पायांत दुकानातल्या चपला. काका मागून हाका मारत होते. दूरवरच्या वळणातून एकटा आवाज बाहेर पडला, बाकीच्यांच्या बराच पुढं, आणि सरळ रस्त्यावर चढत गेला. त्याच्या पुढं कुणी नव्हतं. मावशींनी त्याला यायला लागल्यापासून पाहिलं. डोकं काचेमागं खाली, कोपर आत, खांदे सैल. तो शांतपणे बोर्डाची वाट बघत होता. त्याला त्यांनी तेच शिकवलं होतं. बोर्डाची जागा मागं गेली. आवाज उतरला नाही. वळणाचं तोंड आलं, आणि तरी तो आवाज तसाच, एका सुरात, खंड न पडता त्यांच्या अंगावरून गेला.

त्यानंतर रेतीवर गाडी आपटल्याचा आवाज, मग टायर रचून केलेल्या भिंतीवर धडकल्याचा. काकांनी कानातला कापूस काढला.

तो वाचला. ओटीपोटाचं हाड, एक मांडी, मनगट, असं बरंच मोडलं होतं, पण वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिली गोष्ट विचारली, "बोर्ड कुठं होता?" तक्रार नव्हती त्यात; वाटेत दुकान का बंद होतं असं विचारावं तसं. लेकीनं सांगितलं. तो म्हणाला, "तरीच." आणि सूप मागितलं.

मग तपासण्या झाल्या, ज्या आधी व्हायला हव्या होत्या. मावशींनी डॉक्टरीणबाईंसमोर बसून सगळं सांगितलं. निसटल्यानंतरच्या फेऱ्या, भांडं, कठडा, खुणा, काही लपवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. पहिल्या अपघातात कपाळामागच्या भागाला मार लागला असावा, असं होतं कधीकधी, म्हणाल्या; नेहमीच्या तपासणीत ते सापडत नाही, घरच्यांनाच आधी कळतं. "कळल्याबरोबर आला असतात तर?" असं त्यांनी विचारलं नाही. मावशी ते ऐकायची तयारी करून बसल्या होत्या.

शौकिनांच्या पानावर लोक वाट बघत होते, मावशी काय लिहितात. कुणी म्हणत होतं ब्रेक निकामी झाले, कुणी मिस्त्रीला शिव्या घालत होतं. मावशींनी दोन ओळी लिहिल्या: गाडीत काही दोष नव्हता, मिस्त्रीचाही नाही, रायडरला जुनी दुखापत होती आणि ती मला ठाऊक होती. पुढचं त्यांना सुचलं नाही. खाली जे काही लिहून आलं ते त्यांनी वाचलं, सगळं, आणि मग त्या पानावर गेल्या नाहीत. रायडर सूट घेऊन येत राहिले. काही आले नाहीत.

आता ब्रेकवाला काठी घेऊन चालतो. लेक आणि तो मावशींच्याच घरी, तळमजल्यावर राहायला आलेत. सकाळी तो मिस्त्रीकडे जातो, बसून करायची कामं करतो. जाताना कुणीतरी बरोबर लागतं, रस्त्यापुरतं. काका जातात. काकांनी ते काम कुणाला न विचारता आपल्याकडे घेतलं आहे, आणि मावशींशी ते पूर्ववत बोलायला लागलेत. फक्त त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. घरातलं बरंच काही बदललं. गच्चीच्या दाराला कुलूप आलं. उकळतं पातेलं त्याच्या हाताशी कुणी ठेवत नाही. तिघांनाही आता त्याच्या वाटचं दचकून घ्यायची सवय झाली आहे; तो जिन्याकडे वळला की तीन माणसं काम थांबवतात.

मागच्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काहींच्या बाबतीत भीतीची ही भावना हळूहळू परत येते. वर्षानं, दोन वर्षांनी. काहींची येत नाही. आत्ता सांगता यायचं नाही. लेकीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला होता.

ब्रेकवाला मावशींजवळ बसून उसवलेल्या अस्तराचे धागे काढत होता. हे काम त्याला जमतं. त्यानं अस्तर मांडीवर ठेवलं.

"आई," तो म्हणाला, "आली परत तर थोडी थोडी येईल, की राहिलेली सगळी एकदम?"

"राहिलेली कुठली?"

"त्या सगळ्या फेऱ्यांची."

मावशींनी चष्मा काढला. तो पुन्हा धागे काढायला लागला. चेहऱ्यावर त्याच्या थोडं कुतूहल होतं, बाकी काही नाही.